जुन्या रॉड ब्रेकच्या सायकलला सरळ हँडल बसवता येईल का?

वाटसरू_मिरज

मंडळी, घरात एक जुनी काळी ॲटलास आहे. २४ इंची फ्रेम, २८ × १½ ची चाकं, पुढे-मागे दोन्हीकडे सळीचे ब्रेक. फ्रेम आणि फोर्क ठणठणीत आहेत, हबमधले कोन-छर्रे नवे आहेत. खराब आहे ते फक्त हँडल. क्रोम उडालंय, मुठींच्या खाली गंजाने पोखरलंय, आणि जिथे उभा दांडा आडव्याला मिळतो तिथे केसासारखी बारीक रेघ दिसते. ती नुसत्या गंजाची आहे की तडा आहे, ते कळत नाही.

एका एमटीबीचं, म्हणजे माउंटन बाइकचं, अल्युमिनियमचं सरळ हँडल माझ्याकडे आहे. त्यावर ३१.८ हा आकडा आहे, रुंदी ६८० मिमी, आणि सोबत व्ही-ब्रेकचे (लांब हातांच्या केबल ब्रेकचे) दोन लिव्हर. रोजचा वापर गावातला, सपाट रस्ता, सहा-सात किलोमीटर जाऊन-येऊन, पावसाळ्यातही. प्रश्न असे:

हे हँडल या सायकलला बसेल का? सळीच्या ब्रेकचं काय करायचं? इथला एक वेल्डर म्हणतो, जुन्या हँडलचा उभा दांडा कापून त्यावर नवा आडवा पाइप वेल्ड करून देतो. ते करावं का?

---

तेलपाणी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: वेल्डिंग करू नका. तुमच्या जुन्या हँडलमध्ये उभा आणि आडवा दांडा कारखान्यातच एकमेकांना ब्रेझिंगने जोडलेले असतात. चढावर उभं राहून पायडल मारताना किंवा खड्ड्यात चाक आदळताना सगळा वाक त्याच जोडावर येतो. पातळ नळीवर अंदाजाने मारलेला वेल्ड बाहेरून चांगला दिसतो आणि शेजारच्या धातूत तुटतो, तेही काही न सांगता. शिवाय क्रोम न घासता त्यावर वेल्डिंग केलं तर निघणारा धूर विषारी असतो. आणि अल्युमिनियमचा बार पोलादी दांड्यावर वेल्ड होतच नाही, म्हणजे तुमच्याकडचं हँडल तिथे कामाला येणार नाहीच.

ती रेघ तडा आहे का, हे घरीच तपासता येतं. जागा रॉकेलने स्वच्छ करा, थोडं रॉकेल त्यावर मुरू द्या, मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली काळी रेघ उमटते. गंजाचा डाग असेल तर पूड कोरडी राहते. निकाल लागेपर्यंत सायकल बाहेर काढू नका. आणि रेघ उमटली तर हे हँडल भंगारात टाका, कुणाला देऊ नका.

आता मापं. हँडल बसतं की नाही हे तीन व्यासांवर ठरतं. फोर्कच्या नळीत जाणारा उभा दांडा, म्हणजे स्टेम, या सायकलींना २२.२ मिमीचा लागतो. हँडलच्या मधल्या भागाचा व्यास स्टेमच्या पकडीशी जुळावा लागतो, तिथे २५.४, २६.० आणि ३१.८ ही नेहमीची मापं. तिसरा व्यास मुठीच्या जागेचा, सरळ हँडलला २२.२. व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी दांड्याभोवती घट्ट गुंडाळा, दोन थर एकमेकांवर आले की टाचणी आरपार टोचा, पट्टी उलगडा आणि दोन भोकांमधलं अंतर मोजा. ६९.७ मिमी आलं तर व्यास २२.२, ७९.८ म्हणजे २५.४, ८१.७ म्हणजे २६.०, ९९.९ म्हणजे ३१.८. पट्टी ६६.४ दाखवत असेल तर तो २१.१५ चा दांडा आहे, काही जुन्या बीएमएक्सना असतो. तो २२.२ च्या नळीत खुळखुळतो, दांड्याला नळीत आतून घट्ट धरणारी पाचर कितीही आवळली तरी भरवशाचा नाही.

२५.४ च्या पकडीत २६.० चा बार ठोकून बसवणं किंवा उलट करून फट पत्र्याच्या तुकड्याने भरणं, दोन्ही टाळा. पहिल्यात पकडीचा कान तडकतो, दुसऱ्यात ब्रेक मारताना बार फिरतो.

तुमचा ३१.८ चा बार जुन्या पद्धतीच्या बहुतेक स्टेममध्ये मावणार नाही. त्यासाठी जोड-दांडा म्हणजे ॲडॅप्टर मिळतो. खालचा भाग २२.२, पाचरीसकट फोर्कमध्ये जातो, वरचा भाग २८.६ चा. त्यावर आजकालचा चार बोल्टचा, ३१.८ पकडीचा स्टेम बसतो.

जुनं हँडल काढताना घाई करू नका. आधी सळ्या सोडवा. पुढच्या ब्रेकची सळी हेडच्या, म्हणजे फ्रेमच्या ज्या नळीत फोर्क फिरतो तिच्या, समोर उभी उतरते आणि एका नळकांड्यात सरकून स्क्रूने आवळलेली असते. मागच्याची सळी फ्रेमवरच्या कोनाकृती लिव्हरला जोडलेली असते. सोडवण्याआधी दोन्ही ठिकाणी रंगाची खूण करा; काही कारणाने परत जुनीच जुळणी करायची वेळ आली तर खूप वेळ वाचतो. मग हँडलच्या माथ्यावरचा लांब बोल्ट तीन-चार फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. बोल्टचं डोकं सहा-आठ मिमी वर येईल. त्यावर लाकडी ठोकळा ठेवा आणि हातोडीचा एक सरळ, नेमका घाव घाला. बोल्ट खाली जातो, आतली पाचर सुटते. घाव घालताना पुढचं चाक जमिनीवर टेकलेलं असावं. सायकल टांगलेली असेल तर तोच धक्का हेडच्या वरच्या वाटीतल्या छर्‍यांवर बसतो आणि वाटीत खळगे पडतात. मग हँडल वळवताना मधोमध अडकल्यासारखं होतं.

पाचर सुटली तरी दांडा गंजाने धरून ठेवतो. सायकल उलटी करा, फोर्कच्या माथ्याखाली नळीचं उघडं तोंड दिसेल, तिथून गंज सोडवणारं तेल आत सोडा. वरूनही हेडनटाच्या कडेने सोडा. रात्रभर राहू द्या. नंतर पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे थोडं थोडं फिरवत वर ओढा. फिरू लागलं की सुटलंच. पाइप घालून लांब तरफ केलीत तर फोर्कची पाती पिळवटतील.

---

आरी_आणि_धाव

हँडल बसवणं हा यातला सोपा भाग. खरा प्रश्न ब्रेकचा, आणि तिथे आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

सळीचा ब्रेक रिमच्या बाजूंना धरत नाही. यू आकाराची कमान असते, तिची दोन रबरं रिमच्या आतल्या अंगाला, हबच्या दिशेच्या पृष्ठभागाला, खालून वर दाबली जातात. म्हणूनच त्या रिमचा आकार वेगळा असतो. वेस्टवुड म्हणतात त्याला. आतून दोन बाजूंना रबरासाठी पट्टे आणि मध्ये निपलांची (आऱ्यांच्या टोकांवरच्या नटांची) खोलगट वाट. बाजू गोलसर. या रिमला कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारा ब्रेक, लावलात तर रबराला टेकायला सपाट जागाच मिळत नाही. रबर घसरतं, आणि जोरात दाबलं तर रिमच्या खाली सरकून आऱ्यांत जाण्याची भीती. तेव्हा ‘नवं हँडल, नवे लिव्हर, नवे कॅलिपर, चाकं तीच’ ही जुळणी अजिबात करू नका. कुणीही कितीही खात्रीने सांगितलं तरी.

उरतात दोन रस्ते.

एक, कमान तशीच ठेवून फक्त सळीच्या जागी केबल आणायची. पुढचा ब्रेक असा होतो: हेडनटाच्या खाली जिथे दिव्याचा ब्रॅकेट बसतो, तिथे केबल अडवणारा लहान ब्रॅकेट बसवायचा. सेंटरपुल आणि कँटिलिव्हर ब्रेकसाठी तो मिळतो. तुमच्या फोर्कला एक इंची, म्हणजे आतलं भोक २५.४ मिमीचं, असा मागा. केबलचं बाहेरचं आवरण या ब्रॅकेटवर थांबतं, आतली वायर सरळ खाली येते आणि कमानीच्या उभ्या सळीला केबल-बोल्टने धरली जाते. वायर आणि सळी एका रेषेत हव्यात. वायर तिरकी ओढली तर कमान एका बाजूला कलते, एकच रबर लागतं आणि मार्गदर्शक क्लिपमध्ये कमान अडकून राहते. मूळ जुळणीत कमान स्वतःच्या वजनाने खाली येते. केबलला घर्षण असल्यामुळे तेवढं पुरत नाही. ब्रॅकेट आणि केबल-बोल्ट यांच्यामध्ये वायरवर एक नरम दाब-स्प्रिंग ओवा, कमान लगेच परत येईल.

मागच्या ब्रेकला फ्रेमच्या खालच्या नळीलगत जाणारी लांब सळी आणि बॉटम ब्रॅकेटजवळची (पायडलच्या ॲक्सलजवळची) लिव्हर तशीच राहू द्या. फक्त हेडजवळची पहिली कोनाकृती लिव्हर काढा. जुनी जुळणी सोडवण्याआधी ब्रेक दाबून पाहा की लांब सळी कोणत्या दिशेला ओढली जाते. त्याच दिशेला फ्रेमच्या नळीवर क्लिपने केबलचा अडथळा बसवा आणि वायर सळीच्या टोकाला धरा. ही सळी ओढण्यासाठीच आहे. ढकलायची वेळ येईल अशी जुळणी केलीत तर ती धनुष्यासारखी वाकेल आणि ब्रेक लागणार नाही. मागे मूळची परतीची स्प्रिंग असते, ती सैल झाली असेल तर बदला.

या पद्धतीत रबर आणि रिम यांच्यात दोन-अडीच मिमीच फट ठेवावी लागते. आणि इथे रिमचा आउट, म्हणजे डोल, काढण्याचा नेहमीचा हिशोब उलटा होतो. कॅलिपरला चाकाचा आडवा डोल नडतो. कमानीच्या ब्रेकला उभा डोल नडतो. चाक वर-खाली उडत असेल तर एका फेऱ्यात एकदा रबर घासतं आणि एकदा सुटतं. आउट काढणाऱ्याला आडव्याबरोबर उभाही काढायला आवर्जून सांगा.

दुसरा रस्ता रिम बदलण्याचा. तुमच्या रिमचं माप ६३५ मिमी, आजच्या ७००सी चं ६२२. त्रिज्येत साडेसहा मिमीचा फरक. ७००सी अल्युमिनियम रिमला बाजूंनी सपाट पट्टी असते, तिच्यावर कॅलिपर चालतो. पण आऱ्या मोजा. या सायकलींना जुन्या इंग्रजी पद्धतीप्रमाणे पुढे ३२ आणि मागे ४० आऱ्या असतात. ३२ भोकांची ७००सी रिम सहज मिळते. ४० भोकांची शोधत फिरावं लागतं.

म्हणून मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हे: पुढे रिम बदला, मागे बदलू नका. खरा थांबवणारा ब्रेक पुढचाच असतो, कारण ब्रेक मारला की भार पुढच्या चाकावर येतो. पुढचा जुना हब ठेवून त्यावर ३२ भोकांची ७००सी रिम विणून घ्या, लांब हातांचा कॅलिपर लावा. मागे कमान आणि केबल.

---

निवांत_स्वार

वरच्या दोघांनी तांत्रिक बाजू उत्तम सांगितली आहे. मला मुळात सरळ हँडलाबद्दलच बोलायचं आहे, कारण या फ्रेमला ते शोभतं की नाही यापेक्षा अंगाला मानवतं की नाही हे महत्त्वाचं.

काळ्या सायकलचं हँडल मागे वळलेलं असतं. मुठी स्टेमच्या बऱ्याच मागे, जवळजवळ पोटाच्या दिशेने येतात. सगळी फ्रेम त्या हिशोबाने आखलेली आहे: सीटची नळी मागे झुकलेली, वरचा दांडा लांब, सीट रुंद आणि स्प्रिंगची. या फ्रेमवर सरळ बार आणि पुढे आलेला स्टेम लावला की मुठी एकदम वीतभर पुढे जातात. मग तुम्ही ताठ बसण्यासाठी बनवलेल्या सीटवर बसून पुढे झुकता. तळव्यांवर भार, मान वर ताणलेली, आणि रुंद सीटची पुढची कड मांडीला घासते. पाच मिनिटांच्या फेरीत हे कळत नाही, रोजच्या वापरात आठवड्यात कळतं.

म्हणून पर्याय सुचवतो. हँडलच बदलायचं तर मागे वळलेलं, केबल ब्रेकचं घ्या. लेडीज आणि क्रूझर सायकलींना येतं तसं. त्यांचा मधला व्यास बहुतेक वेळा २५.४ आणि मुठीची जागा २२.२ असते, म्हणजे साध्या २२.२ च्या स्टेममध्ये ॲडॅप्टरशिवाय बसतं. बसण्याची ढब जवळपास आहे तशीच राहते. एक काळजी: खूप वळलेला बार एका बोल्टच्या पकडीतून ओवताना वळणावर अडकतो. पकडीचा बोल्ट काढून उलट्या बाजूने घाला, फटीत नाणं ठेवा आणि बोल्ट नाण्यावर आवळा. पकड जराशी उघडते आणि बार ओरखडा न पडता सरकतो.

आणि ब्रेकचा काही व्याप नको असेल तर सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग समोरच आहे. सळीच्या ब्रेकचं नवं हँडल, लिव्हर-सळ्यांसकट, सुटं मिळतं. काळ्या सायकली अजून बनतात, त्यांचे सुटे भाग लुधियानाहून अजून येतात. चांगल्या जुन्या दुकानात विचारा. तासाभराचं काम आहे.

सरळ हँडलऐवजी बीएमएक्सचा उंच बार लावायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, त्याचा मधला व्यासही २२.२ असतो. २५.४ च्या पकडीत तो तसाच बसत नाही.

---

वाटसरू_मिरज

मनापासून आभार. खडूची पूड लावून पाहिली. रेघ ओली उमटली, म्हणजे तडाच आहे. हँडल उतरवून ठेवलं.

पट्टीने मापं घेतली. जुन्या दांड्याभोवती ६९.५ आलं, म्हणजे २२.२ धरतो. आऱ्या मोजल्या, पुढे ३२, मागे ४०. फोर्कच्या माथ्याला पुढून मागे आरपार भोक आहे, मडगार्डचा बोल्ट त्यातूनच गेलाय.

निवांत_स्वार यांचं म्हणणं पटतंय, पण रस्ता गर्दीचा आहे आणि थोडं झुकून बसायला मला चालेल. पावसात नीट थांबणारा ब्रेक मात्र हवाच, म्हणून पुढची रिम बदलावी असं वाटतं. कॅलिपरच्या हातांची लांबी कशी ठरवायची? आणि माझ्याकडचे व्ही-ब्रेकचे लिव्हर चालतील ना?

---

आरी_आणि_धाव

आरपार भोक आहे हे फार चांगलं. ते नसतं तर मी ड्रिल करू नका म्हणालो असतो; फोर्कचा माथा ही सायकलमधली खूप ताण सोसणारी जागा आहे.

लांबी अशी काढा. फोर्कच्या भोकाच्या मध्यापासून चाकाच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंत सरळ अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. त्यातून ३११ वजा करा. ६२२ चं निम्मं, म्हणजे त्रिज्या, तेवढी, आणि ब्रेकच्या पट्टीचा मध्य साधारण त्याच उंचीवर येतो. समजा ३७८ आलं तर उत्तर ६७. मग ५५ ते ७३ मिमी पोहोच असलेला कॅलिपर पुरेल. रेसिंग सायकलचा आखूड कॅलिपर, ३९ ते ४९ चा, इथे कधीच पोहोचणार नाही. उत्तर ७३ च्या वर आलं तर त्याहून लांब हातांचा मागा. आणि रबर खाचेच्या अगदी तळाशी आलं तर ती जुळणी स्वीकारू नका, आवळण्यासाठी जागा उरत नाही आणि लांब हात लवचीक असल्यामुळे ब्रेक मऊ लागतो.

कॅलिपरचा बोल्ट किती जाड आहे आणि भोक किती, तेही बघून घ्या. भोक थोडं मोठं करावं लागलं तर गोल कानशीने, अगदी लागेल तेवढंच. मडगार्डचा क्लिप त्याच बोल्टवर मागून बसेल.

व्ही-ब्रेकचे लिव्हर नकोत. व्ही-ब्रेकचे हात लांब असल्यामुळे त्यांना जास्त केबल आणि कमी जोर लागतो. त्यांचे लिव्हर तसेच बनवलेले असतात. कॅलिपर आणि कमान या दोघांनाही उलट हवं: कमी केबल, जास्त जोर. कमानीला तर स्वतःची तरफ अशी काहीच नसते, वायर जितकी ओढली तितकंच रबर सरकतं. तिथे व्ही-ब्रेकचा लिव्हर लावला तर पहिल्या बोटभर दाबात रबर टेकेल, हाताला छान कडक वाटेल आणि सायकल मात्र थांबणार नाही. दुकानात ओळखायचं असेल तर लिव्हरच्या खिळीपासून केबलचं डोकं अडकतं तिथपर्यंतचं अंतर बघा. साधारण २५ मिमीपर्यंत असेल तर कॅलिपरचा, ३० च्या वर असेल तर व्ही-ब्रेकचा. काही लिव्हरवर दोन्ही जागा असतात, त्यातली आतली, खिळीजवळची घ्या.

केबलचं डोकंही बघा. सरळ हँडलच्या लिव्हरला आडव्या पिंपासारखं डोकं लागतं, रेसिंगच्या लिव्हरला पेरूसारखं निमुळतं. काही वायरींना दोन्ही टोकांना वेगवेगळी डोकी असतात, नको ते कापून टाका. उजवा लिव्हर पुढच्या चाकाला जोडा, आपल्याकडच्या सळीच्या ब्रेकला तसंच असतं आणि हाताला तीच सवय असते. घाईच्या वेळी हात विचार करत नाही.

चाक विणताना रिम आधी घ्या, आऱ्या नंतर. जुन्या आऱ्या या रिमला लांब पडतात. निपलातून वर येऊन ट्यूबला टोचतील. रिमचं आतलं माप आणि हबच्या फ्लँजचं माप घेऊन लांबी काढून देणारा कारागीर शोधा, अंदाजे आणलेल्या आऱ्यांवर समाधान मानू नका. टायर ७०० × ३५ किंवा ३८ चा. ३८ चा घेतला तर चाकाचा बाहेरचा व्यास ६९८ होतो. तुमचा जुना ४० चा टायर धरून ७१५ होता. म्हणजे पुढची बाजू साडेआठ मिमीने खाली बसेल. चालवताना फरक जाणवणार नाही, फक्त मडगार्डची फट वाढलेली दिसेल.

मागच्या रिमवर क्रोम आहे, आणि क्रोमवर पाऊस पडला की साधं रबर सटकतं. मागच्या ब्रेकला ओल्यात आधार म्हणूनच समजा. पावसाळ्यात पहिल्या अर्ध्या फेऱ्यात पाणी पुसलं जाईल एवढं आधी हलकं दाबून मग जोर द्यायचा.

---

तेलपाणी

सरळ बारच ठरलाय तर ॲडॅप्टर आणि स्टेम कसे बसवायचे ते लिहितो. इथे झालेली चूक थेट दातांवर पडते.

फोर्कच्या नळीचा वरचा भाग आट्यांचा असतो. आटे कापल्यामुळे तिथे धातू सगळ्यात पातळ. पाचर त्या भागात फुगली तर नळी तिथूनच फाटते. म्हणून पाचर आट्यांच्या खाली गेलीच पाहिजे. ॲडॅप्टरवर किमान खोलीची रेघ असते, ती हेडनटाच्या आत दिसेनाशी व्हायला हवी. रेघ पुसली असेल तर निदान ६५ मिमी आत घाला. मुठी अजून उंच हव्यात म्हणून रेघ बाहेर काढून ठेवू नका, त्याऐवजी वर उचललेल्या कोनाचा स्टेम घ्या. निवांत_स्वार म्हणाले ते लक्षात घेऊन स्टेम आखूडच घ्या, ४० ते ६० मिमी. सीटचा क्लिप खांबाच्या मागच्या बाजूला असेल तर उलटा फिरवून पुढे आणा. मुठी पुढे गेल्याची थोडी भरपाई तिथे होते.

बसवण्याआधी फोर्कची नळी आतून कापडाने पुसा, गंज पॉलिश पेपरने काढा. ॲडॅप्टरच्या दांड्यावर, पाचरीवर आणि बोल्टच्या आट्यांवर ग्रीस लावा. अल्युमिनियमचा ॲडॅप्टर असेल तर ग्रीस हवंच. पोलादात कोरडं अल्युमिनियम एक-दोन पावसाळ्यांत असं धरतं की नंतर कापूनच काढावं लागतं. स्टेमची बाराला धरणारी जागा मात्र कोरडी ठेवा.

पाचरीचा बोल्ट आवळल्यावर पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल जोराने पिळा. साध्या जोराला हलता कामा नये. खूप जोर लावला तर जरासं फिरलं तरी चालेल, पडल्यावर फोर्क वाचतो. त्याहून पुढे आवळत राहिलात तर पाचर नळीला फुगवते आणि हेडमध्ये फुगवटा अडकतो. बाराचे चार बोल्ट एकदम नाही, तिरपे-तिरपे, थोडे थोडे. वरची आणि खालची फट सारखी राहिली पाहिजे. टॉर्क पाना असेल तर स्टेमवर लिहिलेला आकडा पाळा, बहुतेकांवर ५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो.

बार ६८० चा आहे, या सायकलला ६०० ते ६२० पुरेसा. दोन्ही बाजूंनी सारखं कापा, पण लिव्हर आणि मुठी लावून, दोन दिवस चालवून मग. कापलेलं परत जोडता येत नाही. कापल्यावर आतली-बाहेरची कड कानशीने मोडा आणि टोकाला बूच लावा. उघड्या नळीचं टोक पोटात घुसून गंभीर इजा होते.

केबल कापताना हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा. कुठल्याच बाजूला आवरण ताणलं जाऊ नये. आवरण कापलं की टोक कानशीने सपाट करा आणि टोपी घाला, नाहीतर तोच भाग दाबला जाऊन ब्रेक मऊ लागत राहतो आणि दोष उगाच रबरांवर जातो.

हेडनट परत लावताना दिव्याचा ब्रॅकेट काढून टाकला असेल तर त्या जाडीचा वॉशर घाला. नाहीतर नट तळाला टेकतो, वरची वाटी मोकळीच राहते आणि हेड खटखटतं. नट जुनाच वापरा. बदलावा लागलाच तर नवीन नट हाताने तीन-चार फेरे सहज फिरतो का ते बघा. एक इंची फोर्कमध्ये २४ आणि २६ आट्यांचे, दोन्ही असतात. चुकीचा नट दोन फेऱ्यांनंतर जड होतो, तिथेच थांबा. पान्याने रेटला तर फोर्कचे आटे जातात, आणि मग फोर्कच बदलावा लागतो.

सगळं जुळल्यावर पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हेडमध्ये टकटक जाणवली तर वरची वाटी थोडी आवळा. मग दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीने दाबून वायर ताणून घ्या, केबल-बोल्ट परत आवळा. नवी वायर पहिल्या काही दिवसांत बसते, तेव्हा आठवड्याने हे दोन्ही बोल्ट, पाचरीचा बोल्ट आणि स्टेमचे चारही पुन्हा एकदा तपासा.